'ऑथेल्लो' पहिल्यांदा अभ्यासणाऱ्यांसाठी: तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश

एम.ए. इंग्रजीला शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' नेमलेलं असलं की आपल्याकडे बहुतेकांच्या हातात मूळ नाटकाआधी गाईड पडतं. त्यात 'मत्सर' या मथळ्याखाली दीड पान, 'कपट' या मथळ्याखाली दीड पान आणि हमखास पाठ करायचं अवतरण: मत्सर हा हिरव्या डोळ्यांचा राक्षस आहे, त्याच्यापासून सावध राहा. पेपरात हे वाक्य 'शेक्सपिअर म्हणतो' असं लिहून येतं. नाटकात ते म्हणतो इयागो, सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा ध्वजधारी, आणि ज्याला संशयाच्या खाईत ढकलायचं आहे त्या ऑथेल्लोलाच म्हणतो. 'मत्सर करू नका हं' असं सांगून तो मत्सराचा विषय पहिल्यांदा बोलण्यात आणतो. तोवर ऑथेल्लोने तो शब्द उच्चारलेला नसतो. वाक्य कोण कोणाला आणि कशासाठी म्हणतंय, हे न बघता या नाटकातलं एकही अवतरण पाठ करू नका. नावलौकिकाबद्दलचं ते प्रसिद्ध भाषणही इयागोचंच. ऑथेल्लोच्या दुय्यमाच्या हुद्द्यावरून नोकरी गमावलेल्या कॅसिओला तो दुसऱ्या अंकात सांगतो की लौकिक म्हणजे पोकळ, फसवी गोष्ट. तिसऱ्या अंकात ऑथेल्लोला सांगतो की माणसाचं खरं धन म्हणजे त्याचा लौकिक. दोन्ही वाक्यं एकाच वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलीत तर इयागोवरचं अर्धं टिपण तिथेच झालं.

मी मराठी माध्यमातून आलो, त्यामुळे भाषेची धास्ती काय असते ते ठाऊक आहे. त्यावर थोडक्यात: टिपा असलेली कुठलीही चांगली आवृत्ती घ्या. विकत घेणं जमत नसेल तर अमेरिकेतल्या फोल्जर ग्रंथालयाने शेक्सपिअरची सगळी नाटकं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. पहिलं वाचन नुसतं गोष्टीसाठी करा, अडलेल्या शब्दांपाशी थांबू नका. दुसरं वाचन मोठ्याने आणि शक्यतो दोघांत करा. मराठी अनुवाद हवा असेल तर शिरवाडकरांचा आहे, पण तो दुसऱ्या वाचनानंतर हातात घ्या. आधी घेतलात तर मूळ वाचायचा कंटाळा येतो, हा स्वानुभव.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश जवळपास ४८० ओळींचा आहे. तो सुरू होताना ऑथेल्लो सुखी नवरा आहे आणि संपताना तो बायकोचा जीव घ्यायला निघालेला आहे. जगातल्या रंगभूमीवर इतकं मोठं स्थित्यंतर एका प्रवेशात घडवण्याचं धाडस फार थोड्यांनी केलं असेल. वसतिगृहात एक मित्र आणि मी हा प्रवेश पुन्हा पुन्हा वाचायचो. तो ऑथेल्लो, मी इयागो. आमचा नेम असा की इयागो जिथे धडधडीत खोटं बोलेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. खोटं म्हणजे, ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना आणि कॅसिओ यांच्यात अमुक घडलं असं सांगणारं ठाम विधान. पानामागून पान उलटत गेलं आणि पेन्सिल हातातच राहिली.

तुम्हीही हे करून बघा. कॅसिओ डेस्डेमोनापाशी रदबदलीसाठी येतो आणि ऑथेल्लोला बघून ओशाळून निघून जातो. इयागो पुटपुटतो, 'हे काही बरं नाही.' काय म्हणालास, असं विचारल्यावर: 'काही नाही, सरकार.' थोड्या वेळाने तो सहज विचारतो, तुमचं प्रेम जमलं तेव्हा कॅसिओला ते ठाऊक होतं का? होतं की, आमच्यामध्ये तोच तर जा-ये करायचा, असं ऑथेल्लो सांगतो. 'असं होय!' मग ऑथेल्लो विचारतो, का, तो प्रामाणिक नाही का? इयागो उलट विचारतो, 'प्रामाणिक, सरकार?' तुला काय वाटतं? 'वाटतं, सरकार?' शेवटी ऑथेल्लो चिडतो की हा माझेच शब्द मला परत करतोय, याच्या मनात काहीतरी भयंकर दडलेलं असणार. इयागोने अजून काहीही सांगितलेलं नाही. तो पोकळी ठेवतो आणि ती ऑथेल्लो आपल्या हाताने भरतो. कॅसिओ प्रामाणिक आहे अशी ग्वाहीसुद्धा तो देतो, फक्त अशा सुरात की ऐकणाऱ्याला उलटंच वाटावं.

यानंतरची चाल आणखी पक्की आहे. जाताना इयागो सुचवतो, कॅसिओला इतक्यात कामावर घेऊ नका, आणि तुमच्या पत्नी त्याच्यासाठी किती आग्रह धरतात तेवढं पाहा. प्रेक्षकांना ठाऊक आहे की डेस्डेमोनाने कॅसिओला शब्द दिलाय आणि ती तो पाळणारी बाई आहे. म्हणजे तिचा भला स्वभावच आता तिच्याविरुद्धचा पुरावा होणार. ती जितकी निष्पाप वागेल तितकी दोषी ठरेल.

पेन्सिलीची पहिली खूण झाली ती ऑथेल्लो परत येऊन इयागोचा गळा धरतो आणि डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो त्यानंतर. तेव्हा इयागो कॅसिओच्या स्वप्नाची कहाणी रचतो: दाढ दुखत होती, झोप लागेना, शेजारी कॅसिओ झोपेत बरळत होता. ऑथेल्लो किंचाळतो, आणि इयागो काय म्हणतो? 'अहो, ते तर त्याचं स्वप्न होतं.' मग रुमालाची थाप. मला या नाटकाबद्दल सांगायचं ते सगळं या क्रमात आहे. थापा शेवटी येतात, माणूस आतून मोडल्यावर. 'इयागोने खोटं सांगितलं म्हणून ऑथेल्लो मत्सरी झाला' हे गाईडमधलं वाक्य म्हणूनच मला अपुरं वाटतं. आधी तो संशयी झाला, आणि त्या संशयाला खाऊ घालायला पुढे खोटं लागलं.

मग तो इतक्या लवकर का मोडला? इथे पहिल्या अंकाकडे परत जा. डेस्डेमोनाचा बाप ब्रॅबॅन्शिओ भर सभेत जावयाला बजावून जातो: हिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल. तेव्हा ऑथेल्लो तिच्या निष्ठेवर जीव ओवाळून टाकतो. तेच वाक्य तिसऱ्या अंकात इयागो उचलतो: तुमच्याशी लग्न करताना तिने वडिलांना फसवलंच होतं ना? आणि ऑथेल्लो म्हणतो, हो, खरंच. शिवाय इयागो म्हणतो, आमच्याकडच्या बायका मला ठाऊक आहेत. यातलं 'आमच्याकडच्या' महत्त्वाचं. ऑथेल्लो व्हेनिसचा सेनापती असला तरी व्हेनिसचा नाही. मूर, म्हणजे आफ्रिकी वंशाचा आहे, काळा आहे, वयाने मोठा आहे, उभं आयुष्य छावणीत गेलेलं. व्हेनिसची घरं आतून कशी असतात हे त्याला दुसऱ्याकडून कळून घ्यावं लागतं, आणि तो दुसरा म्हणजे इयागो. 'मी काळा आहे म्हणून असेल' हा विचार तो एकटा असताना स्वतःच करतो. नाटकातला वर्णाचा प्रश्न वेगळ्या टिपणात ढकलू नका, तो मत्सराच्या प्रश्नातच गुंतलेला आहे.

रुमालावर बरंच लिहून आलंय. टॉमस रायमर या टीकाकाराने १६९३ मध्ये एका रुमालापायी एवढा अनर्थ म्हणून टिंगल केली होती. त्याला उत्तर द्यायचं तर रुमालाचा प्रवास एका रेषेत काढा. ऑथेल्लोचं डोकं दुखतं म्हणून डेस्डेमोना तो बांधायला जाते, तो झटकतो, रुमाल पडतो. म्हणजे हरवण्याला कारण तिचं प्रेम आणि त्याचा झटका. इयागोची बायको एमिलिया उचलते, इयागो घेतो, कॅसिओच्या खोलीत टाकतो, कॅसिओ तशीच नक्षी काढून घ्यायला आपल्या प्रेयसीला, बियांकाला देतो, आणि ती तो ऑथेल्लोच्या देखत कॅसिओच्या अंगावर फेकते. प्रत्येक हातात त्याचा अर्थ वेगळा. आणि हो, रुमालाबद्दल डेस्डेमोनाही खोटं बोलते, हरवला नाही म्हणते. घाबरून, पण बोलते. हा मुद्दा उत्तरात आला की परीक्षकाला कळतं की नाटक वाचलंय.

आपल्या रंगभूमीचा या नाटकाशी संबंध जुना आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर १८६७ चं, आणि गोविंद बल्लाळ देवलांनी याच नाटकावरून केलेलं 'झुंझारराव' १८९० चं. त्याच देवलांनी 'संशयकल्लोळ' लिहिलं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथेही एक वस्तू हरवते: भोवळ आलेल्या रेवतीच्या हातून तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि तिच्या नवऱ्याच्या, फाल्गुनरावाच्या डोक्यात वारं शिरतं. संशयाचं यंत्र दोन्हीकडे जवळजवळ एकच. फरक असा की 'संशयकल्लोळ'मध्ये सगळे एकमेकांच्या दारात जाऊन भांडतात, ओरडतात, जाब विचारतात, म्हणून गुंता सुटतो आणि आपण हसतो. 'ऑथेल्लो'मध्ये डेस्डेमोना चौथ्या अंकात स्पष्ट विचारते, मी कोणाशी, कशी बेइमान झाले? त्याला नाव घेता येत नाही. कॅसिओला तर तो रुमालाबद्दल थेट विचारतो तेव्हा डेस्डेमोना मेलेली असते. 'माझ्या खोलीत सापडला,' कॅसिओ सांगतो. एका ओळीत उलगडा. तुलनात्मक साहित्याचा पेपर असेल तर ही जोडी घ्या, फारशी कोणी घेत नाही.

इयागो हे सगळं का करतो, हा प्रश्न येणारच. इंग्रज कवी-टीकाकार कोलरिजने त्याच्या दुष्टपणाला हेतूच नाही असं म्हणून ठेवलंय आणि ते सगळे लिहितात. मला ते पूर्ण पटत नाही. त्याची स्वगतं वाचा. हुद्दा कॅसिओला मिळाल्याचा राग आहेच. शिवाय ऑथेल्लोचा आपल्या बायकोशी संबंध असल्याचा त्याला संशय आहे, आणि गंमत म्हणजे कॅसिओबद्दलही. खरं-खोटं ठाऊक नाही, पण नुसत्या संशयावर मी खात्री असल्यासारखाच वागेन, असं तो सांगतो. म्हणजे त्या आगीत तो स्वतः आधीच जळतोय. ऑथेल्लो निदान पुरावा तरी मागतो, याला तोही नको. तिसऱ्या प्रवेशाच्या शेवटी त्याला हवा असलेला हुद्दा मिळतो आणि तरी तो थांबत नाही, त्यामुळे नुसत्या बढतीचं कारण पुरत नाही हेही खरं. ज्या इटालियन कथेवरून हे नाटक घेतलं (चिंथिओची, १५६५), तिथल्या ध्वजधाऱ्याचं डिस्डेमोनावरच मन असतं. शेक्सपिअरने ते सोपं कारण जवळजवळ काढून टाकलं आणि त्याजागी तीन-चार अर्धवट कारणं ठेवली.

टीकाकारांपैकी ब्रॅडली (१९०४) आणि लीव्हिस (१९३७) हे दोघे शेजारी ठेवून वाचा. ब्रॅडलीचा ऑथेल्लो उदात्त आणि फसवला गेलेला, लीव्हिसचा ऑथेल्लो स्वतःवरच लुब्ध, म्हणून पटकन ढासळणारा. कोणाची तरी एक बाजू घ्या. 'दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे' या वाक्यावर गुण मिळत नाहीत. माझा कल लीव्हिसकडे आहे, पण तो इयागोचं कसब फारच कमी लेखतो.

एमिलियाकडे मात्र शेवटच्या आठवड्यात वळू नका, आधीच वळा. मत्सरी माणसाला कारण लागत नाही, तो मत्सरी असतो म्हणून मत्सर करतो, हे नाटकातलं सर्वांत नेमकं निदान तिचं आहे. चौथ्या अंकाच्या शेवटी नवऱ्यांबद्दल तिचं लांब भाषण आहे. ते १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित ग्रंथात) आहे, १६२२ च्या क्वार्टोत (या एकट्या नाटकाच्या पहिल्या छापील आवृत्तीत) नाही. आणि पाचव्या अंकात, रुमालाच्या उलगड्याच्या जरा आधी, ऑथेल्लो तिला सांगतो की तुझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. ती म्हणते, 'माझ्या नवऱ्याला?' तो पुन्हा सांगतो, ती पुन्हा तेच विचारते. ऑथेल्लो वैतागतो, बाई, तेच तेच काय? तिसऱ्या अंकात इयागोने त्याचे शब्द परत केले तेव्हाही तो असाच वैतागला होता. नवऱ्याने शब्द परत केले ते विष पेरायला, आणि बायको परत करते तेव्हा तिला सगळं कळत जात असतं. सेमिनारसाठी विषय शोधत असाल तर हे दोन प्रसंग ओळी-ओळीने समोरासमोर मांडा. पंधरा मिनिटांना पुरतात, आणि दोन वाचक असतील तर आधी वर्गात वाचूनच दाखवा.