कोॲक्सवरचं नेटवर्क लागत नाहीये? आधी स्प्लिटर वाचा

अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत केबल टीव्हीची कोॲक्स वायर भिंतीतून खोलीखोलीत गेलेली असते. तिच्या दोन टोकांना मोका (MoCA, म्हणजे कोॲक्सवरून इंटरनेट नेण्याचं तंत्र) अडॅप्टर लावले की भिंत न फोडता वरच्या खोलीत वायरचं इंटरनेट मिळतं. पण अडॅप्टरवरचा कोॲक्सचा दिवा लागलाच नाही तर अडॅप्टर परत करायची घाई करू नका. दोन्ही अडॅप्टर एका टेबलावर आणून कोॲक्सच्या छोट्या तुकड्याने थेट जोडून बघा. दिवा लागला, म्हणजे गडबड वायरिंगमध्ये आहे.

मग स्प्लिटर, म्हणजे एका केबलचे अनेक फाटे करणारी छोटी डबी, शोधा. आमच्या तळघरात तो रंगाच्या डब्यांमागे सापडला: आठ तोंडांचा, वापरात दोनच, आणि वर छापलेलं ‘5-1000 मेगाहर्ट्झ’. मोका 2.5 (मोकाची एक आवृत्ती) साधारण 1125 ते 1675 मेगाहर्ट्झमध्ये चालतं, मग दिवा लागणार कसा! 1675 पर्यंतचा दोन तोंडांचा स्प्लिटर लावला आणि काम झालं. तुमचं इंटरनेट फायबरचं असेल, कोॲक्सवर टीव्ही नसेल आणि दोनच खोल्या जोडायच्या असतील, तर स्प्लिटरही नको. दोन्ही वायरी बॅरल कनेक्टरने जोडून टाका.

स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडांना 75 ओहमचे टर्मिनेटर (तोंड बंद करणारी छोटी टोपणं) लावा. मध्ये टीव्हीचा जुना ॲम्प्लिफायर असेल तर तो बाजूला काढून बघा. आणि बाहेरची केबल घरात शिरते तिथे, पहिल्या स्प्लिटरच्या आधी, मोकाचा पीओई (पॉइंट ऑफ एंट्री, म्हणजे केबल घरात शिरते त्या जागेचा) फिल्टर हवाच, नाहीतर तुमचा सिग्नल शेजाऱ्यांकडे पोचू शकतो.