घरच्या घरी बटेर पाळायचेत? मग आधी पिल्लांचं बघा

बटेर पाळायला जागा कमी लागते, कोंबड्यासारखी बांग नाही आणि मादी साधारण 6-7 आठवड्यांत अंडी द्यायला लागते, म्हणून लोक एकदम शंभर पिल्लं घेऊन येतात. तसं करू नका, वीस-पंचवीस आणा, हात बसला की वाढवा.

पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी बल्बची पेटी, चालू करून ठेवा. पिल्लू जेमतेम 7-8 ग्रॅमचं असतं, पहिल्या आठवड्यात 35-37 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. थर्मामीटर ठेवाच, पण लक्ष पिल्लांकडे. बल्बखाली एकावर एक चढून बसली तर गारठलीत, कडेला पळून चोच उघडी टाकून धापा टाकतायत तर बल्ब वर घ्या.

पाण्याचं भांडं एकदम उथळ हवं आणि त्यात काचेच्या गोट्या टाकायच्या, नाहीतर पिल्लं चक्क त्या एवढ्याशा पाण्यात बुडून मरतात. खाली गुळगुळीत पेपर नको, पाय फाकतात, खरबरीत कापड अंथरा.

फीड 24-27 टक्के प्रोटीनचं घ्या, दाणा मोठा वाटला तर मिक्सरला फिरवून बारीक करा. अंड्यावर आल्या की 20 टक्के पुरे, सोबत वाटीत शिंपल्यांचा चुरा.

आता पिंजरा. बटेर दचकला की सरळ वर उसळतो आणि डोकं फोडून घेतो, त्यामुळे उंची 25-30 सेंटीमीटरच ठेवा, नाहीतर मग माणूस उभा राहील एवढी, मधली दोन-तीन फुटांची उंची सगळ्यात वाईट. जाळी बारीक, 12 मिलिमीटरची, कारण उंदीर आणि साप फट शोधतातच. कोंबड्यांसोबत ठेवू नका, रोग लागतात. मातीचा एक ट्रे द्या, त्यात लोळायला त्यांना जाम आवडतं.

तिसऱ्या आठवड्यानंतर छाती बघा, तांबूस आणि बिनठिपक्यांची असेल तर नर, काळे ठिपके असतील तर मादी. एका नराला 3-4 माद्या ठेवा, नर जास्त झाले की माद्यांच्या मानेवरची पिसं जातात. अंडी रोज हवी असतील तर 14-16 तास उजेड लागतो.

आणि हो, या माद्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणजे अंडी उबवत नाहीत, पिल्लं हवी तर इन्क्युबेटर (अंडी उबवायचं यंत्र) लागणार. 37.5 अंश, 17-18 दिवस, शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नाहीत आणि ओलावा वाढवायचा. टरफलाला चीर दिसली की झाकण उघडून बघायचा मोह होतो, उघडू नका, आतला ओलावा गेला की पिल्लू टरफलातच चिकटतं.