येडशी ते टिपेश्वर: वाघ आला त्या दिशेने उलटं जायचं, गाडी आणि तंबू घेऊन

२०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ सापडला आणि आमच्या धाराशिव-लातूरकडे ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तोच फोटो. नंतर कळलं की हा टिपेश्वर अभयारण्यातला, म्हणजे पार यवतमाळ जिल्ह्यातला, पांढरकवड्याजवळचा. त्याआधी २०२१ ला टिपेश्वरचाच एक वाघ गौताळा अभयारण्यात पोचला होता, कन्नडकडं, जिथं कित्येक दशकं वाघ नव्हता. आणि २०१९ ला वॉकर नावाचा जो रेडिओ कॉलर लावलेला वाघ सुमारे ३००० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला तोपण टिपेश्वरचाच. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मराठवाड्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही हे रडगाणं आपण किती दिवस गाणार, तो वाघ ऊस, तूर, रेल्वेलाइन, हायवे सगळं ओलांडून आपल्याकडं येतो तर आपण त्याच्या घरी जाऊन येऊ की, आणि सरळ ताडोबाला पळण्यापेक्षा मधलं सगळं बघत बघत जाऊ. दोनदा केलीय ही ट्रिप, पाच दिवस पाच मुक्काम, शेवटचा परतीत नांदेडला, तेच सांगतो.

कधी जायचं, तर माझ्या मते फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा मध्य. पळस पेटलेला असतो, पानगळ झाल्यामुळं जंगलात आतपर्यंत नजर जाते, पाणवठे कमी होत चाललेले असतात म्हणून जनावर पाण्याला येतं, आणि रात्री तंबूत झोपता येतं. मे महिन्यात वाघ जास्त दिसतो हे खरं पण आपल्याकडचा ४२-४३ चा पारा आणि तंबू हे जमत नाही, लेकरं सोबत असतील तर अजिबात नको. पावसाळ्यात सफारी बंद असते, साधारण जुलै ते सप्टेंबर.

बुकिंग सगळ्यात आधी. बाकीची ट्रिप पुढंमागं होते, सफारी होत नाही. टिपेश्वरला सुन्ना, माथनी असे गेट आहेत, जिप्सीचं बुकिंग वनविभागाच्या सरकारी साइटवरूनच करायचं, कुणी फोनवर ‘मी करून देतो, निम्मे पैसे आधी टाका’ म्हणत असेल तर टाकू नका. दर, वेळा आणि आठवड्याची सुट्टी बुकिंग करतानाच बघून घ्या. निदान दोन सफाऱ्या घ्या, एक सकाळची एक दुपारची, जमलं तर तिसरी. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं ते ओरिजिनल सोबत पाहिजे, झेरॉक्सवर गेटवरून माघारी फिरलेली माणसं मी बघितलीत.

आता तंबूचं. अभयारण्याच्या हद्दीत मनाला येईल तिथं तंबू लावता येत नाही, तो गुन्हा आहे, आणि नियम नसता तरी लावू नये कारण ती जनावरांच्या येण्याजाण्याची जागा आहे. मग कुठं लावायचा? आपल्याकडं आखाडा असतो ना, शेतातलं राखणीचं-राहायचं ठिकाण. ओळखीतल्या ओळखीत कुणाचा तरी आखाडा निघतोच, आधी फोन करायचा, विहिरीला पाणी आहे का आणि रात्री राखणीला कोण असतं एवढं विचारायचं. त्याशिवाय टिपेश्वरला गेटजवळ जे होमस्टे आहेत तिथं अंगणात तंबू लावू द्या म्हटलं की बरेच जण हो म्हणतात, त्यांच्या संडास-बाथरूमचे आणि जेवणाचे पैसे द्यायचे. आणि वनरक्षक, म्हणजे ज्याला आपण गार्ड म्हणतो, त्याला प्रत्येक ठिकाणी विचारा की सध्या इकडं कशाचा वावर आहे. तो नको म्हणाला तर नको, भिंतीच्या आत झोपा.

याच कारणानं पहिला मुक्काम येडशीला करायचा नाही. सकाळी लवकर रामलिंगला पोचा. अभयारण्य छोटं आहे, साडेबावीस चौरस किलोमीटरच्या आतबाहेर, पण बालाघाटाच्या कुशीत दरीतलं ते महादेवाचं मंदिर, जटायूची समाधी आणि दोन्ही अंगाला चढत गेलेलं झाड, एवढ्या सकाळी मोरांच्या ओरडण्यानं दरी भरून जाते. माकडं अंगचटीला येतात, हातात पिशवी ठेवू नका आणि प्रसादाचं त्यांना काही देऊ नका, एकदा सवय लागली की ती रस्त्यावर येऊन गाडीखाली मरतात. दहाच्या आत निघा, ढोकी, मुरुड करत लातूर, मग अहमदपूर, लोहा. या पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांकडं फार लक्ष ठेवा, दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि पुष्कळांना मागं साधा रिफ्लेक्टरपण नसतो, संधीप्रकाशात दिसतच नाहीत. माझा नियम आहे, दिवस मावळायच्या आत गाडी बंद. पुढं किनवटकडं तर अंधारात रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुकरं आडवी येतात, रोही दीडदोनशे किलोचं जनावर, काच फोडून आत येतं.

आमचा पहिला मुक्काम लोह्याच्या अलीकडं एका मामांच्या आखाड्यावर असतो. तिथं पहिल्या वर्षी माझी मोठी चूक झाली. संध्याकाळी चार थेंब पडले होते, अवकाळी, आणि मी गाडी डांबरीवरून खाली घेऊन चाळीस फूट आत नेली, झाडाखाली. काळी माती! सकाळी चाकाला अशी चिकटली की चाक कुठलं नि माती कुठली कळेना, जितका अ‍ॅक्सिलरेटर दिला तितकी गाडी खाली. मामा आले, म्हणाले, ‘दादा, गाडी बंद करा आधी. काळ्या रानाला जोर दाखवू नये, वाळू द्यावं लागतं.’ त्यांनी चाकासमोर तुराट्या अंथरल्या, हवा थोडी कमी करायला लावली, अकरा वाजता ऊन लागल्यावर बैलजोडीनं ओढून काढली. तेव्हापासून गाडी मुरमाच्या किंवा डांबरी कडेला लावतो आणि सामान डोक्यावर नेतो. सोबत हवा भरायचा छोटा पंप, ओढायचा पट्टा आणि चांगली स्टेपनी ठेवतो.

तंबू लावताना जागा आधी झाडून घ्या, दगड आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, झाडाच्या वाळल्या फांदीखाली नको, नाल्यात तर कधीच नको. खाली जाड ताडपत्री. तंबूची चेन माणूस आत नसतानासुद्धा बंद, हे लेकरांच्या इतकं डोक्यात बसवा की झोपेतपण करतील. कारण मण्यार. मण्यार रात्रीच फिरते, उबेला अंथरुणात येते आणि तिचा चावा बरेचदा कळतच नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात आणि माणसाला वाटतं जागरण झालं. असं काही वाटलं तर मांत्रिक नाही, झाडपाला नाही, कापाकापी नाही, आवळून दोरी बांधायची नाही, हातपाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर एकच लस चालते आणि ती तिथं मिळते. विंचवाचंही तसंच, लाल विंचू हृदयावर जातो. त्यावर प्राझोसिनची गोळी वापरायचं ज्यांनी जगाला दाखवलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातलेच, तेव्हा आपल्या माणसांनी तरी विंचवाला मंत्र घालत बसू नये. सकाळी बूट झटकून घाला. रात्री लघवीला उठलात तर बॅटरी आधी जमिनीवर, पाय नंतर.

जेवणाचं मी सोपं ठेवतो. घरून दशम्या आणि धपाटे, शेंगदाण्याची चटणी, येसर. पहिले दोन दिवस यावरच निघतात. सकाळी सुशीला, कॅम्पवर याच्यासारखं दुसरं काही नाही: चुरमुरे पाण्यातून काढून घट्ट पिळायचे, छोट्या गॅसवर तेलात मोहरी, शेंगदाणे, हिरवी मिरची, कांदा, हळद, मग चुरमुरे, वरून डाळव्याचं पीठ आणि लिंबू, दहा मिनिटात चौघांचं होतं आणि भांडं एकच. चूल किंवा शेकोटी पेटवू नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतात, वाळलेल्या सागाच्या पानावर एक ठिणगी पुरे. उरलेलं अन्न तंबूत ठेवायचं नाही, डबा गाडीत, काचा बंद. कचऱ्याची एक पिशवी करून ती नांदेडला नाहीतर घरी आणायची. पाणी मात्र वीस लिटरचा एक जार कायम भरलेला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी नांदेडला पेट्रोल फुल करा, भोकर, हिमायतनगर, इस्लापूर करत किनवट. हिमायतनगर गेलं की रान बदलतं, सपाट काळं शिवार संपून सागवान सुरू होतो. इस्लापूरजवळ सहस्रकुंड, पैनगंगेचा धबधबा, मार्चला पाणी कमी असतं पण काळ्या खडकातली ती कापत गेलेली घळ बघायला थांबाच, फक्त खडकाच्या टोकावर सेल्फी नको. नदीच्या पलीकडं विदर्भ आणि दोन्ही काठांना धरून पैनगंगा अभयारण्य, सव्वातीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. इथं जिप्सीची गर्दी नाही म्हणून लोक येत नाहीत, आणि मला तेच आवडतं. वनविभागाच्या नाक्यावर नोंद करायची, परवानगी मिळेल तेवढ्याच रस्त्यावर जायचं. तिसरा दिवस पूर्ण इथं द्या, वेळ उरला तर माहूरला रेणुकामातेचं दर्शन होतं.

इथंच लेकरांना बघायला शिकवा. दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या, जास्त पॉवरची हातात हलते. पाखरू दिसलं की नजर त्याच्यावरून काढायची नाही, नजर तिथंच ठेवून दुर्बीण डोळ्याला आणायची, उलटं केलं की फांद्यांमध्ये शोधत बसावं लागतं. माझ्या पोरीनं असाच स्वर्गीय नर्तक पकडला, पांढरा नर, शेपटीच्या दोन लांब फिती बांबूच्या सावलीत हलत होत्या, ओढ्यात बुडी मारून परत त्याच फांदीवर यायचा, सहा वेळा आला, आम्ही पाऊण तास जागचे हललो नाही.

चौथ्या दिवशी किनवटहून आदिलाबाद आणि तिथून ४४ नंबरच्या हायवेनं उत्तरेला, पैनगंगेचा पूल ओलांडला की पाटणबोरी, पांढरकवडा. टिपेश्वर १४८ चौरस किलोमीटरचं आहे, १९९७ साली घोषित झालेलं, टिपाईच्या मंदिरावरून नाव पडलं. ताडोबाच्या मानानं छोटं पण वाघ दाट, आणि म्हणूनच तरणे नर जागा शोधत बाहेर पडतात आणि चालत चालत आपल्याकडं येतात.

सफारीत कपडे मातीच्या रंगाचे, अत्तर-स्प्रे नको, सकाळी उघड्या जिप्सीत थंडी वाजते म्हणून मार्चलाही स्वेटर. मोबाइल सायलेंट करून खिशात, ताडोबाला गेलात तर तिथं तो नेऊच देत नाहीत. गाइडला ‘वाघ दाखवा, वाघ दाखवा’ करू नका, त्यापेक्षा म्हणा दादा, एका पाणवठ्यावर अर्धा तास इंजिन बंद करून थांबू. धुळीच्या रस्त्यावर ठसा दिसला तर कडा बघा, कडा धारदार असल्या तर ताजा, त्याच्यावर चितळाचे खूर किंवा किड्याची रेघ गेली असेल तर रात्रीचा. नराचा ठसा चौकोनी वाटतो, मादीचा जरा लांबट. आणि कान उघडे ठेवा. चितळ एकदा ओरडलं तर कोल्ह्यालाही ओरडलं असेल. पण चितळ थांबेना, वरून झाडावरचं वानर खाकरायला लागलं आणि त्यात सांबरानं एकदा ‘ढँक’ केलं की समजा वाघ नक्की.

आमच्या दुसऱ्या सफारीत असंच झालं. सगळे कॉल, म्हणजे चितळ-वानरांचे हे इशाऱ्याचे आवाज, एका नाल्याच्या अंगानं सरकत होते, म्हणजे जनावर चालतंय. गाइडनं गाडी पुढं पळवली नाही, उलट मागं घेतली, रस्ता मोकळा सोडला. चार मिनिटांनी गवत हललं नाही, काही वाजलं नाही, आणि वाघीण रस्त्यावर उभी. पोट खपाटीला, डाव्या कानाची कड फाटलेली. तिनं आमच्याकडं बघितलं, रस्ता हुंगला आणि शांतपणे पलीकडं गेली. जिप्सीत कुणी बोललं नाही. पोरगी माझ्या बाहीला धरून होती, गेटवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, ‘बाबा, येडशीचा हिचा कोण लागत असेल?’

पाचव्या दिवशी सकाळची सफारी करून अकराला निघालात तर दिवसाउजेडी नांदेड होतं. तिथं मुक्काम करा, दमलेल्या अंगानं रात्री लातूर रोडला लागू नका. घरी आल्यावर तंबू पहिल्याच दिवशी उन्हात उलटा करून वाळवा, दमट घडी घातली तर पुढच्या वर्षी बुरशी येते. आणि संभाजीनगर, जालन्याकडच्यांनी येडशीऐवजी गौताळ्यापासून सुरुवात केली तरी चालेल, पितळखोऱ्याची लेणी तिथंच आहेत, फक्त एक दिवस वाढवा.