उलट्या रिक्षाची शर्यत गेममध्ये आणायची तर

सांगलीपासून हाकेच्या अंतरावर हरिपूर आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथं संगमेश्वराच्या यात्रेत रिक्षांची शर्यत भरते आणि ती उलटी असते. सगळ्या रिक्षा रिव्हर्समध्ये पळतात. ड्रायव्हर अर्धा बाहेर झुकलेला, मान मागे, एक हात हँडलवर, आणि मागचा बंपर पुढे करून गाडी सुसाट. व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिले असतील. मी एकदा रस्त्याकडेला उभा राहून पाहिली, आणि घरी येऊन पहिला विचार आला की हे बीमएनजी.ड्राइव्ह या गाड्या चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये पाहिजे.

ज्यांना हा गेम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जर्मनीतल्या ब्रेमेनची कंपनी तो बनवते, २०१५ पासून स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, मिळतो. यातली गाडी म्हणजे नुसतं चित्र नसतं. वजन असलेले शेकडो बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या, ताणल्या-वाकल्या जाणाऱ्या काड्या, अशी तिची जुळणी असते. सेकंदाला २००० वेळा तिचं गणित होतं. म्हणून धडकली की खरोखर चेमटते, आणि चुकीची बांधली की उभ्या उभ्या थरथरते.

यात खेळणारेही नव्या गाड्या बांधून घालतात, आणि ज्याला बांधता येत नाही तो नुसती कल्पना लिहून मांडतो. माझी पहिली कल्पना मी तीन ओळींत लिहिली होती. ‘इंडियन रिक्षा आणा, लय भारी होईल, स्पीड ७०.’ कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि बरोबरच होतं. त्यात कुणाला बांधायला घेता येईल असं काहीच नव्हतं. दुसऱ्या खेपेला मात्र नागपूरच्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं आठ दिवसांत चालतं-फिरतं रूप करून पाठवलं. मधल्या काळात मी काय केलं, ते सांगतो.

आधी गेममध्ये काय आहे ते बघा. इबिशू पिजन नावाची तीन चाकी गाडी तिथं आधीच आहे, पुढे एक चाक, मागे दोन. म्हणजे ‘तीन चाकं’ हे तुमच्या कल्पनेचं नावीन्य होऊ शकत नाही. पिजनला जे जमत नाही ते सांगायला हवं. रिक्षाला गोल स्टिअरिंगऐवजी हँडल आहे, डाव्या मुठीत गिअर आहे, इंजिन मागे सीटखाली आहे, दारं नाहीत, वर रेक्झिनचा टप आहे. आणि आमच्या यात्रेमुळे, ती उलटी पळवायची आहे. आणखी एक म्हणजे गेममधल्या कंपन्या सगळ्या काल्पनिक आहेत, गॅव्रिल, इबिशू वगैरे. तेव्हा खऱ्या कंपनीचं नाव नि बोधचिन्ह घालू नका, आपलं एखादं नाव ठेवा. आम्ही ‘संगम’ ठेवलं.

मग मोजमाप. इंटरनेटवरचे आकडे घेण्यापेक्षा खरी रिक्षा गाठा. माझ्या मामाची आहे, त्यामुळे मला फक्त शिव्या खाव्या लागल्या. टेप लावला तर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या दोन चाकांपर्यंत दोन मीटर, आणि मागच्या दोन टायरांच्या मध्यांमधलं अंतर ११५ सेंटिमीटर. टायरवर ४.००-८ लिहिलेलं असतं, तेही जसंच्या तसं लिहून घ्या. फोटो काढायचे तर अगदी समोरून, अगदी बाजूने, अगदी मागून, आणि लांब उभं राहून झूम करून. जवळून काढलेल्या फोटोत रिक्षाचं नाक फुगतं, आणि मग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करणाऱ्याचं सगळं माप बिघडतं.

वजन हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आणि नेमका तोच कुणी देत नाही. मी मामाला म्हटलं, ‘मामा, वजनकाट्यावर जाऊया.’ मामा म्हणाला, ‘काट्यावर? आरं, ऊस हाय का त्यात?’ तरी नेली. काटेवाल्यानं वीस रुपये घेतले आणि हसायचं थांबला नाही. रिकामी रिक्षा आधी पूर्ण उभी केली, ३६० किलो. मग मागची चाकं जमिनीवर ठेवून फक्त पुढचं चाक काट्यावर, १०० किलो. काट्याचा आकडा दहा-दहानं सरकतो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे धरायचं.

आता या दोन आकड्यांतून काय निघतं बघा. १०० ला ३६० ने भागा, २ मीटरने गुणा. उत्तर साधारण ५५ सेंटिमीटर. म्हणजे गाडीच्या वजनाचा मध्य मागच्या चाकांच्या ५५ सेंटिमीटर पुढे आहे. तीन चाकीचा पाया त्रिकोणी असतो, मागे रुंद, पुढे टोकदार. मागच्या चाकापाशी मध्यरेषेपासून ५७ सेंटिमीटर आधार आहे, पण वजनाच्या मध्यापाशी तो ४१ वर येतो. हा आधार जितका कमी, तितकी गाडी लवकर कलंडते. मग मामा सीटवर बसला. ४४० आणि १४०. मध्य आणखी पुढे सरकला आणि आधार ३९ वर आला. मागे तीन पॅसेंजर बसवले की मध्य परत मागे जातो. रिकामी रिक्षा वळणावर जास्त घाबरवते असं रिक्षावाले म्हणतात, त्यामागे हे गणितही असावं. म्हणून कल्पनेत वेगवेगळ्या भरण्या मागा: रिकामी, तीन पॅसेंजरची, शाळेच्या पोरांची, भाजीच्या क्रेटची. टपाच्या रंगांचे दहा पर्याय मागण्यापेक्षा याला जास्त अर्थ आहे.

इथं माझी एक चूक झाली ती सांगतो. टपाचं वजन मी अंदाजानं ६० किलो लिहिलं. नागपूरच्या पोरानं तसंच धरलं, आणि चाचणीच्या मैदानावर पहिल्याच वळणात, वीसच्या वेगाला, रिक्षा आडवी. तीन दिवस आम्ही सस्पेन्शनला दोष देत बसलो. शेवटी टप शिवणाऱ्या चाचांच्या दुकानात गेलो, तिथं उतरवून ठेवलेला एक सांगाडा होता. तराजूवर टाकला, रेक्झिनसकट १८ किलो. उंचावरचं वजन चुकलं की बाकी सगळं बरोबर असूनही गाडी खोटी वागते. जे मोजता येत नाही ते लिहूच नका, आणि लिहिलंच तर शेजारी ‘अंदाज’ असा शब्द टाका.

काय कसं मोडतं, हेही लिहा. या गेमची अर्धी मजा त्यातच आहे. मी गॅरेजवाल्याला विचारलं की अपघाताची रिक्षा येते तेव्हा आधी काय गेलेलं असतं. त्यानं क्रमच सांगितला: पुढचा मडगार्ड, मग काच, मग पुढचा फोर्क मागे वाकतो आणि चाक पायाशी येऊन बसतं. आडवी पडली तर टपाच्या कमानी एका बाजूला कलतात, पण रेक्झिन फाटत नाही, लोंबतं. हे चार वाक्यांचं ज्ञान बांधणाऱ्याला पानभर आकड्यांपेक्षा उपयोगी पडतं. कुठल्या काड्या कडक ठेवायच्या आणि कुठल्या पिचू द्यायच्या, ते त्याला यातून कळतं.

इंजिनची ताकद लिहायची हौस सगळ्यांना असते. ती तो शोधून काढेल. तुम्ही असं लिहा की मिरजेच्या रेल्वे उड्डाणपुलावर तीन पॅसेंजर घेऊन ही दुसऱ्या गिअरमध्ये चढते, तिसरा टाकला की दम तोडते.

आता शर्यत. उलटी रिक्षा म्हणजे सरळ रिक्षाचं चित्र फिरवलं असं नाही. पुढे जाताना ब्रेक मारून वळलात तर वजन टोकाकडे, एका चाकावर जातं आणि तिथं बाजूला आधारच नसतो. उलट जाताना ब्रेक मारला की वजन रुंद बाजूकडे येतं. म्हणजे रिव्हर्समध्ये वळताना ब्रेक मारणं त्यातल्या त्यात सुरक्षित, आणि वळणात जोरात पिकअप घेणं धोक्याचं. रोज सरळ चालवणाऱ्याची सगळी सवय इथं उलटी पडते. दुसरं, फोर्कचा कोन पुढे जाताना चाक आपोआप सरळ ठेवतो. मागे जाताना तोच कोन चाक फिरवून टाकायला बघतो. हँडल हातातून निसटू पाहतं. हरिपुरात ड्रायव्हरच्या मनगटाकडे बघा, सगळा खेळ तिथं चाललेला असतो.

गेममध्ये मात्र एक अडचण येते. स्टिअरिंग फिरवणाऱ्या काड्यांना तिथं हायड्रो म्हणतात, आणि की-बोर्डवर खेळलं तर त्या चाक घट्ट धरून ठेवतात. निसटण्याची भीतीच उरत नाही. फोर्स फीडबॅकचं, म्हणजे हाताला उलटा जोर देणारं, खेळायचं स्टिअरिंग असेल तर तो झटका हाताला जाणवतो. म्हणून मी कल्पनेत स्पष्ट लिहिलं की फोर्कचा कोन खऱ्यासारखाच ठेवा, सोपा करू नका, आणि रिव्हर्समध्ये धक्का जाणवला पाहिजे.

गिअरबॉक्सचंही तसंच. आर्केड या सोप्या मोडमध्ये ब्रेकची की दाबून धरली की गाडी मागे जाते, आणि मग ब्रेक नि ॲक्सिलरेटरची अदलाबदल होते. उलट्या शर्यतीत बोटांचा नुसता गोंधळ. नियमातच घाला: रिअलिस्टिक मोड, म्हणजे रिव्हर्स आपण स्वतः टाकायचा. रिव्हर्सचा दांडा वेगळा आहे का, आणि तो टाकल्यावर किती गिअर चालतात, हे ज्याची रिक्षा मोजताय त्यालाच विचारा, आणि मॉडेलच्या नावासकट लिहा. उलट्या शर्यतीचा कमाल वेग त्यावरच ठरतो.

बाकी नियम थोडे आणि कोरडे ठेवा. सुरुवातीला मागची बाजू रेषेकडे, निकाल मागच्या बंपरवर. पुढच्या गिअरमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त गेलात तर बाद. कॅमेरा ड्रायव्हरचाच, बाहेरून बघायचं नाही, कारण बाहेरून बघितलं की मान मागे वळवायची मजाच गेली. रस्ता म्हणून हरिपूर बांधत बसू नका, नकाशा बनवणं हे महिन्यांचं काम आहे. आम्ही इटलीच्या नकाशातली गावातली अरुंद गल्ली घेतली. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मधे उतार, आणि एक काटकोनात वळण जिथं दहापैकी सात जण आडवे होतात.

तीन चाकी टेम्पोसाठीही हीच वही उघडली आहे. तो आपल्याकडे ‘बजाज टेम्पो’मुळे इतका रुजला की कुठलीही मालाची छोटी गाडी टेम्पोच झाली, आणि ते मूळ नाव हॅम्बुर्गच्या कंपनीचं. अजून धावता नग सापडलेला नाही.

राहता राहिला आवाज. पहाटे सहाला, रस्ता रिकामा असताना, मोबाइल मागच्या सीटवर टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचा. थंड इंजिन सुरू करणं, नुसतं उभं राहणं, हळूहळू पूर्ण पिकअप, मग सोडणं, प्रत्येकी अर्धा मिनिट, आणि मधे कुणी बोलायचं नाही. आमच्या तिसऱ्या फाईलमध्ये सव्वाविसाव्या सेकंदाला मामाचा आवाज आहे, ‘आरं, पेट्रोल कोण देणार हाय?’ नागपूरच्या पोरानं तो काढला नाही. आता गाडी रिव्हर्समध्ये घातली की तो वाजतो.