मोड मोजायचा की ऊन?

दारव्हा तालुक्यात आमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, टिनाच्या शेडात. मागल्या मे महिन्यात लॅपटॉपचे पॉवर मोड (वेग हवा की बॅटरीची बचत, ते ठरवणारी विंडोजची सेटिंग) तपासले. 'बेस्ट परफॉर्मन्स' भर दुपारी, बचतीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला. वेगात बचतीवालाच जिंकला! दोन दिवस मी गिऱ्हाइकांना तेच सांगत बसलो. मग डोक्यात उजेड पडला: मशीन जास्त तापलं की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. मी मोड नाही, ऊन मोजलं होतं.

तेव्हापासून सगळ्या चाचण्या पहाटे पाचला, एकाच टेबलावर. गादीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते. दोन फेऱ्यांमध्ये वीस मिनिटं थंड होऊ द्या.

काम आपलं रोजचंच घ्या. मी पीकविम्याच्या कागदांचे दोनशे स्कॅन एका पीडीएफमध्ये जोडतो आणि मोबाइलवर वेळ लावतो. पहिली फेरी सोडायची, पुढच्या तिनातला मधला आकडा धरायचा. हेच चार्जर लावून आणि काढून, दोन्ही. बरेच लॅपटॉप चार्जर काढला की हात आखडता घेतात, अन् आपल्याला तर लाइन गेल्यावरच त्याची गरज.

बॅटरीसाठी ब्राइटनेस सगळ्या मोडला सारखाच, आपोआप बदलणारा बंद. वायफाय तेच, विंडोज अपडेट थांबवलेलं. बॅटरी कमी झाल्यावर आपोआप लागणारा सेव्हरही बंद करा, नाहीतर मधेच मोड बदलल्यासारखं होतं. 100 पासून 20 टक्क्यांपर्यंत चालवा. किती तास टिकली ते लिहाच, पण तेवढ्यात किती फायली झाल्या तेही लिहा. नुसते तास मोजले तर रेंगाळणारं मशीनही शहाणं ठरतं.

मशीन जुनं असेल तर आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' टाका (अक्षरं इंग्रजी: powercfg /batteryreport). त्यातून निघणाऱ्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावरची क्षमता, दोन्ही दिसतात. दुसरा आकडा निम्म्यावर आला असेल तर मोड बदलून काय होणार?

माझ्याकडे नुसते फॉर्म भरताना मोडांत फारसा फरक निघाला नाही, स्क्रीन तेवढीच वीज खाते. एरवी मधला मोड, 'बॅलन्स्ड', ठेवतो, स्कॅनचा गठ्ठा आला की वरचा मोड, आणि टेबलफॅन लॅपटॉपकडे.