शाळेच्या वाचनालयासाठी मासिके निवडताना या चुका टाळा

प्रत्येक शाळेत वाचनालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत स्पष्ट म्हटले आहे. पुस्तकांची खरेदी कशीबशी होते आणि वृत्तपत्र निदान शिक्षकांसाठी तरी येते. मासिकांची पाळी आली की मात्र कोणीतरी घाईघाईने एका वर्गणीची पावती फाडून घेतो आणि विषय तिथेच संपतो. प्राथमिक शाळांच्या वाचनालयांसाठी काम करताना त्याच त्या चुका मला गावोगावी भेटत आल्या आहेत. त्यांतल्या चार मला फार महत्त्वाच्या वाटतात.

मासिक मोठ्यांच्या हौसेने निवडणे

सातारा जिल्ह्यातील एका शाळेला तिच्या माजी विद्यार्थ्याने वाचनालयासाठी देणगी दिली होती. गावातील मुलांनी अधिकारी व्हावे ही त्यांची मनापासूनची इच्छा होती, त्यामुळे सामान्यज्ञान आणि स्पर्धा परीक्षेचे प्रश्न छापणाऱ्या एका मासिकाची वर्गणी त्यांनी भरायला लावली. शाळा पहिली ते सातवीची. मी तिथे गेलो तेव्हा त्या मासिकाचे सगळे अंक लोखंडी कपाटात तारखेप्रमाणे रचलेले होते आणि एकाही अंकाची घडी मोडलेली नव्हती. त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंक होते. त्यांची मुखपृष्ठे गेलेली, पिना निघालेल्या, पानांचे कोपरे काळे पडून गोल झालेले. गुरुजींनी ते रद्दीत काढायला ठेवले होते, कारण ते फाटले होते. जे वाचून वाचून फाटले ते टाकायचे आणि ज्याला कोणी हातही लावला नाही ते जपून ठेवायचे, असा निर्णय त्या शाळेत अगदी सद्हेतूने झालेला होता.

आम्ही दोन्ही प्रकारचे अंक व्हरांड्यात सतरंजीवर पसरले आणि तिसरी-चौथीच्या मुलांना मोकळे सोडले. तिसरीतील एका मुलीने ‘किशोर’चा एक फाटका अंक मागच्या बाजूने उघडला, पाने उलटत ती एका चित्रकोड्यापाशी थांबली, ते सुटेपर्यंत हलली नाही, आणि मग शेजारच्या कवितेच्या ओळींवरून बोट फिरवत हळूहळू मोठ्याने वाचू लागली. परीक्षेच्या मासिकातील प्रश्न तिला वाचता आले नसते असे नाही, पण ते वाचावेत असे तिला वाटण्याजोगे त्यात काहीच नव्हते. ज्यांना आठ वर्षांच्या मुलाच्या हातात परीक्षेची तयारी द्यायची घाई आहे, त्यांच्याशी माझा कायमचा मतभेद आहे. वाचनाची गोडी लागण्याच्या वयात मासिकाने प्रश्नपत्रिकेचे रूप घेतले, तर मूल मासिकालाच नव्हे, वाचनालयालाच टाळू लागते.

याच चुकीचा दुसरा प्रकार म्हणजे आठवणींवरून निवड करणे. ‘आमच्या वेळी चांदोबा होता’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतेच. १९५२ मध्ये मराठीत आलेल्या चांदोबाने पिढ्या रमवल्या हे खरे आहे आणि त्याचे जुने अंक कोणी दिले तर ते आनंदाने घ्यावेत, पण आजच्या मुलांसाठी आज निघणारे मासिक शोधण्याचे काम त्याने टळत नाही.

माझी पद्धत साधी आहे. वर्गणी भरण्याआधी प्रत्येक मासिकाचे दोन-तीन जुने अंक मिळवावेत, त्यांत दिवाळी अंक धरू नये, कारण दिवाळी अंकावर संपादक वर्षाची मेहनत ओततात आणि त्यावरून एरवीच्या अंकांचा अंदाज येत नाही. हे अंक मुलांपुढे ठेवावेत, आपण बाजूला बसावे आणि काही सुचवू नये. पहिल्यांदा कोणता अंक उचलला याला मी फारशी किंमत देत नाही, कारण मुखपृष्ठ भडक असले की हात तिकडे जातोच. दुसऱ्या दिवशी तोच अंक पुन्हा कोणी मागितला का, हे मी पाहतो.

सातही इयत्तांना एकच मासिक

‘किशोर’ हे मासिक ‘बालभारती’ १९७१ पासून काढत आहे, ते स्वस्त आहे आणि ते प्रत्येक शाळेत यावे असे माझे ठाम मत आहे. मात्र ते सलग वाचता येणाऱ्या मुलांचे आहे. पहिली-दुसरीच्या मुलाला चित्र मोठे लागते, अक्षर ठळक लागते, पानावर ओळी थोड्या लागतात आणि गोष्ट कोणीतरी वाचून दाखवावी लागते. अशा मुलांसाठी ‘चिकूपिकू’सारखे मासिक वेगळे घ्यावे. सहावी-सातवीच्या मुलांना ‘वयम्’ आपले वाटते. हिंदी वाचू लागलेल्यांसाठी भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेचे ‘चकमक’ आहे. १९८५ पासून निघणाऱ्या या मासिकात मुलांनी स्वतः लिहिलेले आणि चितारलेले बरेच काही असते. पैसे कमी असतील तर एकाच वयोगटाची तीन मासिके घेण्यापेक्षा लहानांसाठी एक आणि मोठ्यांसाठी एक अशी दोनच घ्यावीत. ‘किशोर’चे जुने अंक ‘बालभारती’ने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. शिक्षकांना गोष्टी निवडायला ते फार उपयोगी आहेत, पण शिक्षकाच्या मोबाईलवरचा अंक मुलाच्या हातातल्या अंकाची जागा घेत नाही, त्यामुळे त्या सोयीच्या भरवशावर वर्गणी बंद करू नये.

पत्ता माणसाच्या नावाने देणे

ही चूक दिसायला किरकोळ आहे आणि वर्षभराची वर्गणी बुडवायला पुरेशी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत बदल्या होतात, मुख्याध्यापक दुसऱ्या तालुक्यात जातात आणि अंक त्यांच्या नावाने येतच राहतात. एका शाळेने अंक येत नाहीत म्हणून प्रकाशकांना रागाची पत्रे लिहिली होती. प्रत्यक्षात गावचा पोस्टमन ते अंक अत्यंत प्रामाणिकपणे बदलून गेलेल्या सरांच्या भाड्याच्या घरी टाकत होता, आणि घरमालकीण ते येतील तेव्हा द्यावेत म्हणून ट्रंकेवर रचून ठेवत होती. पत्ता नेहमी ‘मुख्याध्यापक’ या पदाच्या नावे द्यावा, त्याखाली शाळेचे पूर्ण नाव, वाडी, पोस्ट, तालुका आणि पिन कोड लिहावा, आणि गावातच कायम राहणाऱ्या एखाद्याचा, शक्यतो शाळा व्यवस्थापन समितीतील पालकाचा, फोन नंबर जोडावा. नोंदणीकृत नियतकालिके सवलतीच्या दराने साध्या टपालाने येतात, त्यामुळे अंक वाटेत कुठे आहे हे कळण्याची सोय नसते. मे महिन्यात शाळा बंद असते, तेव्हाचा अंक कोणी घ्यायचा हे एप्रिलमध्येच पोस्टमनला भेटून सांगावे.

पैशांची घाई

समग्र शिक्षा अभियानातून वाचनालयासाठी मिळणारे अनुदान पुष्कळदा आर्थिक वर्षाच्या शेवटी हातात पडते आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवावा लागतो. त्या धांदलीत भरलेली वर्गणी बहुधा चुकीची असते, शिवाय अजून न आलेल्या अंकांचे पैसे आधीच दिलेले दिसले की हिशेब तपासताना प्रश्न निघतात. मी अनुदानातून पुस्तके घ्यायला सांगतो, आणि मासिकांची वर्गणी लोकसहभागातून, समितीच्या ठरावाने, जूनमध्ये शाळा उघडताच भरायला सांगतो. असे केले की वर्गणीचे वर्ष आणि शाळेचे वर्ष एकत्र चालते. दोन-तीन वर्षांची वर्गणी एकदम भरून थोडी सवलत मिळवण्याचा मोह नवख्या शाळांनी धरू नये. मासिक मुलांना रुचले नाही तर ते पैसे अडकून पडतात.

बाकीच्या चुका थोडक्यात

अंकांना कुलूप लावू नये. अंक रचून न ठेवता दोरी बांधून चिमट्यांनी अडकवावेत, म्हणजे मुखपृष्ठ समोर दिसते. नवा अंक आला की पिनांच्या जोडीला मध्यावर दोऱ्याचे दोन टाके घालावेत. कोड्याच्या पानाची झेरॉक्स काढून फळ्याशेजारी लावावी, नाहीतर पहिलेच मूल पेनाने ते सोडवून टाकते आणि उरलेल्यांची गंमत जाते. जाहिरातींची पाने जास्त असलेले मासिक घेऊ नये. ‘पालकनीती’ आणि ‘शैक्षणिक संदर्भ’ ही चांगली नियतकालिके आहेत, पण ती मोठ्यांसाठी आहेत. ती शिक्षकांच्या खोलीत ठेवावीत आणि मुलांच्या मासिकांच्या हिशेबात धरू नयेत.

अंक आला नाही तर वर्षअखेरीला एकदम तक्रार करणे निरुपयोगी ठरते, कारण तोवर प्रकाशकाकडे जादा प्रती उरलेल्या नसतात. कपाटाच्या दाराला आतून महिन्यांची एक साधी यादी चिकटवावी, अंक आला की तारीख लिहावी, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागची चौकट रिकामी दिसली की त्याच दिवशी वर्गणीदार क्रमांक हाताशी घेऊन प्रकाशकाला फोन करावा.