महाल-इतवारीच्या ओळींतून कॅमेरा घेऊन फिरताना

नागपूरच्या जुन्या वस्तीत छायाचित्रणासाठी फिरायचे ठरवले की बहुतेक हौशी मंडळी सकाळी महालातून निघतात आणि दुपारपर्यंत गांधीबाग, इतवारी, मस्कासाथ असे सगळे पालथे घालून शेकडो फोटोंसह घरी परततात. त्या फोटोंत गर्दी पुष्कळ असते, पण त्या गर्दीत नेमके काय चालले होते, हे क्वचितच कळते. या वस्तीची बांधणी अशी आहे की एका फेरीला एकच ओळ पुरेशी होते. सराफा ओळ, किराणा ओळ, भांडे ओळ, लोहा ओळ, चितारओळ अशा एकेका धंद्याच्या गल्ल्या येथे शेजारीशेजारी नांदत असल्या, तरी प्रत्येकीचा दिवस वेगळ्या वेळी उजाडतो आणि प्रत्येकीत उन्हाचे वागणेही वेगळे असते. म्हणून नवशिक्याने आधी एक ओळ निवडावी, तीत वेगवेगळ्या वेळी जावे आणि ती पुरती ओळखीची झाल्यावरच दुसरीकडे वळावे.

तेथे पोचण्यासाठी स्वतःची गाडी नेऊ नये, कारण ती कोठे लावावी या विवंचनेतच सकाळचा चांगला प्रकाश निघून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये सीताबर्डी ते प्रजापतीनगर हा मेट्रोचा टप्पा सुरू झाल्यापासून अग्रसेन चौक किंवा चितारओळी चौक स्थानकावर उतरून पायी आत शिरणे सोयीचे झाले आहे.

वेळेचा विचार नागपुरात इतर शहरांपेक्षा काटेकोरपणे करावा लागतो. हे शहर २१ उत्तर अक्षांशाच्या किंचित वर असल्यामुळे २६ मेच्या सुमारास दुपारी सव्वाबाराच्या आधी काही मिनिटे सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच नाहीशी होते. त्या दिवसांत माणसाच्या चेहऱ्यावर उजेड वरून पडतो, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात, शिवाय उन्हाचा तडाखा फोटो काढणाऱ्यालाही सोसवत नाही. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत काम उरकावे. याच्या उलट डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो, म्हणजे उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते, आणि असा तिरपा, कोवळा प्रकाश जवळजवळ दिवसभर मिळतो. हिवाळ्यात सूर्योदय पावणेसात ते सातच्या दरम्यान होत असला, तरी दुतर्फा दोन-तीन मजली घरे असलेल्या अरुंद गल्लीत ऊन जमिनीला टेकायला आणखी बराच वेळ लागतो. दुकानांची शटर वर जाण्याची, पायरी झाडून पाणी शिंपडण्याची आणि पैशांच्या गल्ल्यावर उदबत्ती ओवाळण्याची वेळ साधारण तेव्हाच येते, हा योग साधण्यासारखा असतो. पूर्व-पश्चिम गल्लीत सकाळी उजेड गल्लीच्या लांबीने धावत येतो आणि माणसे प्रकाशाच्या आड येतात. दक्षिणोत्तर गल्लीत मात्र एक भिंत उजळलेली आणि दुसरी अंधारलेली असते. निवडलेली ओळ यांपैकी कोणत्या दिशेची आहे, हे घरबसल्या नकाशावर पाहून ठेवावे.

कॅमेऱ्याच्या बाबतीत माझे मत असे की महागड्या लेन्सची येथे गरजच पडत नाही आणि लांब पल्ल्याची लेन्स तर घरीच ठेवावी. दुरून चोरून टिपलेला चेहरा पाहणाऱ्यालाही दूरचाच वाटतो. साध्या कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स १८ वर ठेवावी, अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/८ करावे, दोन मीटरवरच्या एखाद्या खांबावर किंवा पायरीवर फोकस साधावा आणि लगेच फोकसचे बटण मॅन्युअलवर सरकवावे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात एवढे केले की सुमारे एक मीटरपासून पार गल्लीच्या टोकापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते आणि ऐन वेळी फोकस शोधत बसावे लागत नाही. शटरचा वेग १/२५० सेकंदाहून मंद होऊ देऊ नये, सायकल किंवा हातगाडी वेगात असेल तर १/५०० ठेवावे, आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) आपोआप बदलू द्यावा. भांडे ओळीत पितळ-स्टीलच्या चकाकीमुळे आणि घरांच्या मधून दिसणाऱ्या पांढऱ्या आभाळाच्या पट्टीमुळे कॅमेऱ्याचे उजेडाचे मोजमाप हमखास चुकते. अशा वेळी उजळ भाग पांढरेफटक होऊ नयेत म्हणून उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे दोन-तृतीयांश किंवा उणे एक करावी आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल ठेवावी. मोबाइल वापरणाऱ्याने आधी भिंग रुमालाने पुसावे, उजळ भागावर बोट दाबून धरून फोकस व उजेड बांधून घ्यावा आणि बोटाने उजेड किंचित उतरवावा. सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर पातेल्यातून उठणारी वाफ टिपायची असेल, तर ऊन वाफेच्या मागून आणि पार्श्वभूमी अंधारी अशी जागा शोधावी. पोहे अर्थात फोटो झाल्यावर गरम असतानाच खावेत.

हे सगळे जमले की फिरणे कमी करून उभे राहणे वाढवावे. आधी चौकट ठरवावी, म्हणजे जुन्या वाड्याच्या कोरीव दारावर पडलेली उन्हाची तिरीप किंवा निळ्या भिंतीपुढची रिकामी पायरी, आणि मग त्या चौकटीत कोण येते याची वाट पाहावी. पाच-दहा मिनिटे एका जागी उभे राहणाऱ्या माणसाची लोकांना सवय होते. सतत इकडून तिकडे फिरणाऱ्याकडे मात्र ते वळून वळून पाहतात. कोणी विचारतेच, “कायले काढून राहिले जी फोटो?” त्यावर गडबडून कॅमेरा खाली न घालता, “हौस आहे काका, जुन्या ओळीचे फोटो जमवून राहिलो,” असे सरळ सांगून मागच्या पडद्यावर काढलेला फोटो दाखवावा. बहुतेक वेळा त्यातून दुकानाची आणि वाड्याची हकीकत निघते, क्वचित चहाही येतो. नको म्हटले, तर फोटो त्यांच्यादेखत पुसून टाकावा आणि पुढे जावे. लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याखेरीज काढू नयेत. सराफा ओळीत तिजोरी, तराजू आणि मालाची मोजदाद यांवर कॅमेरा रोखणे टाळावे, कारण तेथील संशय स्वाभाविक असतो. महालात संघ मुख्यालयाच्या परिसरात सशस्त्र पहारा असतो. तेथून जाताना कॅमेरा पिशवीत ठेवावा.

चितारओळीला मात्र अधिक वेळ द्यावा. गणपतीच्या आधीचे दोन महिने येथे घराघरांपुढे मूर्ती उभ्या राहत असतात. लाकडाच्या सांगाड्यावर तणस (भाताचा पेंढा) सुतळीने आवळून बांधले जाते, त्यावर जाड मातीचा थर चढतो, तो वाळून तडकला की बारीक मातीने भेगा बुजवल्या जातात, मग पांढरा हात, मग रंग आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. प्रत्येक टप्प्याचा फोटो वेगळा लागतो. तणसाच्या टप्प्यावर बाजूने येणारा उजेड गवताची काडी न्‌ काडी दाखवतो. ओल्या मातीवर बोटांचे ठसे उमटलेले असताना जवळ जावे. आखणीच्या वेळी कारागीर मनगटाखाली दुसऱ्या हाताचा आधार घेतो, श्वास रोखतो आणि पापणीची रेषा एका ओढीत पुरी करतो. त्या क्षणी शटरचा आवाजही नको, म्हणून कॅमेरा मूक पद्धतीवर ठेवावा आणि फ्लॅश कधीच वापरू नये. आत पिवळा बल्ब आणि दारातून निळसर पावसाळी उजेड असा दुहेरी रंग असतो. रंगसंतुलन (व्हाइट बॅलन्स) दाराच्या उजेडाप्रमाणे ठेवले तर बल्बची ऊब टिकते. अपुऱ्या मूर्तीचा चेहरा टिपण्याआधी विचारावे, आणि वाळत ठेवलेल्या मूर्तींच्या मधून जाताना पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी; एका धक्क्याने कोणाची तरी आठवड्याची मेहनत जाते.

वर्षातून एकच फेरी करता येणार असेल, तर ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी करावी. त्या सकाळी मारबतीची, म्हणजे इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या भल्यामोठ्या स्त्रीरूपी पुतळ्याची, मिरवणूक निघते, संध्याकाळी तान्हा पोळ्याला मुले नटूनथटून लाकडी बैल घेऊन बाहेर पडतात, आणि गणेश चतुर्थी दोन-तीन दिवसांवर आल्यामुळे चितारओळीत रंगकाम रात्रंदिवस चालू असते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगितले जाते. त्यांच्याबरोबर चालू घडामोडींवर टोमणे मारणारे बडगे, म्हणजे पुरुषरूपी पुतळेही असतात. इतवारीत नेहरू पुतळ्याच्या परिसरात दोन्ही मारबती समोरासमोर येतात तेव्हा रेटारेटी इतकी होते की तेथे चौकट निवडायला वाव उरत नाही. त्यामुळे मिरवणूक येण्याआधीच वाटेवरच्या एखाद्या घरी विचारून सज्जाची किंवा ओट्याची जागा मिळवावी. मारबतीचा फोटो सगळेच काढतात; आपण पाठ फिरवून “इडा पीडा घेऊन जा गे मारबत” असे ओरडणाऱ्या तोंडांकडे, वरच्या खिडक्यांतून वाकलेल्या बायकांकडे आणि बडग्यावरचा मजकूर वाचून हसणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाहावे. शटर १/५०० ठेवावे, लेन्स बदलू नये, पावसाची सर येणारच असे धरून प्लास्टिकची पिशवी जवळ बाळगावी, आणि बॅटरीचा जोड खिशात ठेवावा.

घरी आल्यावर त्याच दिवशी निवड करू नये. फोटो फक्त उतरवून ठेवावेत, फोल्डरला ओळीचे नाव, तारीख आणि वेळ द्यावी, आणि आठवड्याने पाहावेत. तोवर फोटो काढतानाचा उत्साह ओसरलेला असतो आणि निष्ठुरपणे काटछाट करता येते. जुने वाडे पाडून तेथे नवी बांधकामे होत असल्यामुळे ही नोंद पुढे उपयोगी पडते. ज्यांनी स्वतःहून फोटो काढू दिला, त्यांच्यासाठी पोस्टकार्डाएवढी प्रत छापून घ्यावी आणि मागे तारीख लिहून पुढच्या फेरीत दुकानात नेऊन द्यावी. दुकान बंद असेल, तर शेजारच्या दुकानात ठेवायला सांगावे. या ओळींत ती पोचते.